पहिला क्रमांक, पण कशात?

अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिले, ही बातमी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिमानाने फिरते. बातमी खरी आहे. 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीयांनी चीनला मागे टाकले. पुढच्या वर्षी ते ३,६३,०१९ झाले आणि चीनचे २,६५,९१९ वर आले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकूण बेरीज दिसली की ती कशाकशाची आहे, हे पाहायची सवय आहे. या बेरजेत 'ओपीटी'वाले, म्हणजे पदवी घेऊन विद्यार्थी व्हिसावरच तात्पुरती नोकरी करणारेही मोजले जातात. त्याच एका वर्षात ते ९७,५५६ वरून १,४३,७४० झाले. पदव्युत्तर वर्गांतले भारतीय मात्र १,९६,५६७ वरून १,७७,८९२ वर घसरले. वर्गात बसणारे घटले, नोकरीची मुदत मोजणारे वाढले.

ही मुदत १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. पुढे बहुतेकांची मदार एच-१बी व्हिसावर. खासगी कंपन्यांसाठी त्याच्या जागा वर्षाला ८५,०००, त्याही जगभरातल्या सगळ्यांसाठी मिळून.

"भाई, सगळे जातायत, मीही जाऊ का?" असे मुले मला विचारतात. जरूर जा. पण 'सगळे जातायत' हे कारण घेऊन कर्ज काढू नका. आपल्यासाठी हा हिशेब आणखी कडक झाला आहे. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक कुटुंबांतल्या मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-अनुदान देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद आहे. तो भार आता अब्बा-अम्मींच्या अंगावर येतो.

म्हणून आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: एकूण कर्ज, दरमहा हप्ता, आणि परतावे लागले तर इथल्या पगारात तो हप्ता फिटेल का. दुसरे देशही पाहा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र राहण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो, आणि भाषा आली तर नोकरी सोपी जाते.

आणि एक काम आपण सगळ्यांनी मिळून करायचे आहे. 'पढो परदेश' पुन्हा सुरू करा, ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी द्या. पहिल्या क्रमांकाचा अभिमान बाळगू, पण त्यात गरीब घरातली मुलेही असली पाहिजेत.