सही कोणाची, कारभार कोणाचा?



या जागी आपण पेरणी, खते, फवारणी यांविषयी बोलत असतो. आज जरा पंचायतीच्या कचेरीत डोकावू या. पाणंद रस्ता, नळाचे पाणी, गटार, अंगणवाडी ही सारी कामे तेथे ठरतात. महाराष्ट्रात या कचेरीतल्या निम्म्या जागा आज बायकांच्या आहेत. पण निम्मा कारभार त्यांच्या हाती आहे काय? ताकाला जाऊन भांडे लपविण्यात अर्थ नाही. पुष्कळ गावांत तो नाही.

कायदा कसा आला ते थोडक्यात सांगतो. १९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. तिने पंचायतींमध्ये किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. मात्र सगळे कायद्यानेच झाले असे समजू नका. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. शेतकऱ्यांच्या बायका तेथे फार मोठ्या संख्येने जमल्या. पुढे १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या बायकांनी पंचायतीची निवडणूक लढविली आणि सगळी पंचायत बायकांची निवडून आली. तेव्हा राखीव जागांची घटनादुरुस्ती व्हायची होती. म्हणजे बाईला कारभार जमत नाही हे म्हणणे तेव्हाच खोटे ठरले होते.

मग अडते कोठे? पीकप्रात्यक्षिकाच्या निमित्ताने मी गावोगाव जातो. एका गावी फलकावर सरपंच म्हणून बाईंचे नाव होते. मंचावरच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. सत्काराचा नारळही त्यांनीच घेतला. बाई मागे सतरंजीवर इतर बायकांत बसल्या होत्या. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. असे मी एका गावी नव्हे, अनेक गावी पाहिले आहे. लोकांनी त्याला 'सरपंचपती' असे नावही देऊन टाकले आहे. कायद्यात असे कोणतेही पद नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे.

यात दोष एकट्या यजमानांचा नाही. रोजची व्यवस्थाच तशी आहे. सभा सकाळी अकराला ठेवली तर बाई खुरपणीला गेलेली असते. संध्याकाळी ठेवली तर भाकरीची वेळ. पंचायत समितीची कचेरी तालुक्याला. तेथे जायचे तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसावे लागते, आणि कोणाच्या गाडीवर बसली याची चर्चा गावभर होते. इतिवृत्ताची वही ग्रामसेवक घरी पाठवून देतात, "वहिनी, इथे सही करा" असा निरोप येतो आणि बाई चुलीपुढून उठून सही करते. त्यातून राखीव पदाची सोडत फिरती असते. पाच वर्षांत कोठे कारभार उमगू लागतो, तो पद दुसऱ्या वर्गाला राखीव होते किंवा खुले होते. खुल्या जागेवर तिला पुन्हा उभे करण्याचे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

आता यातला धोका नीट ऐका, कारण तो तुमच्या घराचा आहे. ग्रामनिधीचे खाते सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या जोडसहीने चालते. वित्त आयोगाचा पैसा संगणकावरून निघतो, त्याला दोघांची डिजिटल सही लागते. त्या सहीचे डोंगल, म्हणजे बोटाएवढे यंत्र, पुष्कळदा बाईंना पाहावयासही मिळत नाही. ते कोणाच्या तरी खिशात असते. उद्या काम अर्धवट राहिले, पैसा भलतीकडे गेला आणि चौकशी लागली, तर नोटीस कोणाच्या नावाने येईल? जिची सही तिच्याच. वसुली निघाली तर तीही तिच्याच नावे. खिशात डोंगल बाळगणारा कागदावर कोठेच नसतो. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण दोनदा वाचतो. पाच लाखांच्या ठरावावर न वाचता सही करणे हा कुठला शहाणपणा?

आणि जी बाई स्वतः कारभार पाहू लागते, तिच्या वाटेत वेगळे काटे येतात. जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेड्याचे उदाहरण घ्या. तेथील महिला सरपंच सरकारी जागेवरील घरात राहतात, अशी तक्रार गावातल्या काहींनी केली आणि त्यांना अपात्र ठरविण्यात आले. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांचे पद परत दिले. एक स्त्री सरपंच झाली आणि तिचे हुकूम आपल्याला पाळावे लागतील, हेच गावातल्यांना रुचले नाही, असे निरीक्षणही न्यायालयाने नोंदविले. बाईने दिल्लीपर्यंत लढून आपली खुर्ची परत मिळविली. प्रत्येकीला ते झेपेल असे नाही.

बाईच्या हाती खरा कारभार आला तर गावाला काय मिळते, असे कोणी विचारील. पश्चिम बंगालातील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांत राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पंचायतींचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. जेथे प्रमुखपद बायकांसाठी राखीव होते, तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक काम झालेले त्यांना आढळले. यात नवल नाही. ज्याच्या डोक्यावर हंडा, त्यालाच विहिरीचे अंतर ठाऊक.

आता करावयाचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, पदावरील भगिनींनो, कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या ठरावावर सही करू नका. वाचायला अडचण असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. "उद्या सांगते" एवढे दोन शब्द म्हणायला शिका.

दुसरी, डोंगल, शिक्के आणि पासबुक कोठे आहे ते आजच विचारा. डोंगल आणि त्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.

तिसरी, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. ती कागदावर उरकू देऊ नका. बचत गटाच्या बायकांना बोलवा, तुमच्या मागण्या तेथे लिहून घ्या आणि मोठ्या सभेत वाचून दाखवा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. तिचा हिशेब मागा.

चौथी, घाबरू नका. सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असेल, तर अविश्वासाचा ठराव तीन-चतुर्थांश सदस्यांच्या मतांवाचून मंजूर होत नाही. पुण्याच्या 'यशदा' या शासकीय संस्थेमार्फत पंचायत सदस्यांसाठी प्रशिक्षणे होतात. पंचायत समितीत चौकशी करा आणि प्रशिक्षणाला स्वतः जा, यजमानांना पाठवू नका.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द. दादा, बायको सरपंच झाली म्हणजे तुम्ही तिचे मदतनीस व्हा, मुखत्यार होऊ नका. तिला तालुक्याला सोडा, पण कचेरीच्या बाहेर थांबा. सभेच्या दिवशी म्हशीची धार तुम्ही काढा. सासूबाई, त्या दिवशीच्या भाकरी तुम्ही थापल्यात तर सुनेच्या हातून गावाचे एक काम होईल. आणि सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का, तेही पाहा. शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ करून बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरला होता. जिच्या नावावर एक गुंठाही नाही, तिने गावच्या जमिनीवर निर्णय द्यावा आणि लोकांनी तो मानावा, हे कठीणच.

गावातल्या इतरांनीही एक सवय लावून घ्यावी. दाखला हवा, नळाची तक्रार आहे, तर सरपंचबाईंकडे जा. यजमान पुढे आले तर "बाईंना बोलवा, त्यांच्याशी बोलायचे आहे" असे नम्रपणे सांगा. चार लोकांनी चार वेळा असे म्हटले की पाचव्या वेळी बाई आपणहून बाहेर येतील.

तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, याची आजच चौकशी करा. बायकांची सभा तिच्याआधी झाली का, हा प्रश्न तेथे उभे राहून विचारा. पुढच्या आठवड्यात पुन्हा शेतातल्या गोष्टी बोलू.