बाबागाडी : आधी बाळाचे वय पाहा, मग गाडीचे वजन

बाबागाडी ही एके काळी बंगल्यांत राहणाऱ्यांची वस्तू होती. मोठी चाके, वर छत, ढकलायला आया. मध्यमवर्गीय घरातले मूल आजीच्या कडेवर, मामाच्या खांद्यावर वाढायचे. आता मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत दर दुसऱ्या-तिसऱ्या घरी दाराआड घडीची बाबागाडी उभी दिसते. घरात माणसे दोनच, दोघेही नोकरीवर जाणारी. रविवारी बाजारहाट करायचा तर बाळ बरोबर न्यावेच लागते. सुट्टीत गावी किंवा महाबळेश्वरला जायचे म्हटले की प्रश्न येतो, ‘हलकी गाडी घ्यावी का, आणि घेतली तर कोणती?’

काही ज्येष्ठ मंडळींना हे पसंत नसते. ‘लेकराला कडेवर घ्यायचे सोडून गाडीत काय टाकता?’ असा त्यांचा सवाल असतो. या सवालात तथ्य आहे. बाळाला अंगाची ऊब हवीच. परंतु साधा हिशेब पाहा. जन्मतः ३ किलोच्या आसपास असलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत सुमारे ९ किलोचे होते. दहा किलोच्या गव्हाच्या पिशवीएवढे हे वजन एका कुशीवर घेऊन, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी धरून तासभर चालणे सोपे नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणका लागलेल्या कितीतरी तरुण माता दवाखान्यात येतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द करव्हँ यांनी १८९५ साली वर्णन केलेला हा स्नायुबंधांच्या आवरणाचा दाह होय. बाळाला वारंवार दोन्ही हातांनी उचलणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. पाठदुखी तर विचारूच नका. म्हणून माझे मत असे, की बाबागाडी ही चैन नव्हे आणि मायेला पर्यायही नव्हे. ते आईच्या हातापाठीला आराम देणारे एक साधन आहे. मात्र साधन म्हटले की ते पारखून घ्यायला हवे.

घडीच्या हलक्या गाडीचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. ओवेन मॅक्लॅरेन हे इंग्लंडमधील विमान अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. मुलगी नातवंडासह परदेशातून भेटीला आली, तेव्हा अवजड गाडी घेऊन प्रवास करताना होणारी तिची ओढाताण त्यांनी पाहिली. १९६५ साली त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी तयार केली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हलक्या गाड्या याच कल्पनेवर बेतलेल्या आहेत.

आता पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : बाळाचे वय. छत्रीसारख्या हलक्या गाडीची बैठक बहुधा झोळीसारखी खोलगट असते व पाठ पूर्ण आडवी होत नाही. मान न धरलेले बाळ अशा बैठकीत घसरते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. बाळ शांत झोपले आहे असे वाटते, प्रत्यक्षात त्याचा श्वास कोंडत असू शकतो. बाळ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते व सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय बसू लागते. तोपर्यंत पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी तरी घ्यावी, नाहीतर कडेवरच न्यावे. अशा वयात आजीचे म्हणणे शंभर टक्के बरोबर!

दुसरा मुद्दा पट्ट्यांचा. दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही कमरेवरून आणि पायांमधून अशा पाच ठिकाणी अडकणारा पट्टा असावा, आणि तो दर वेळी लावावा. अमेरिकेतील एका पाहणीनुसार १९९० ते २०१० या काळात पाच वर्षांखालील सुमारे ३ लाख ६० हजार मुलांना बाबागाड्या व बाळ वाहून नेण्याच्या तत्सम साधनांमुळे झालेल्या दुखापतींवर तातडीच्या विभागात उपचार करावे लागले. बहुतेक मुले गाडीतून पडली होती किंवा गाडी उलटली होती. डोक्याला मार लागलेली पुष्कळ. आपल्याकडे उलटण्याचे एक खास कारण म्हणजे हँडलला लटकवलेली कांदे-बटाट्याची पिशवी. बाळाला उचलले, पुढचे वजन गेले, की गाडी मागच्या मागे पडते. बाळ आत असताना पिशवी फार जड झाली तरी तेच. सामान बैठकीखालच्या जाळीतच ठेवावे.

तिसरा मुद्दा घडीच्या सांध्यांचा. २००९ साली वर उल्लेखिलेल्या मॅक्लॅरेन कंपनीने अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी सांधे झाकणारी आवरणे देऊ केली, कारण गाडी उघडताना बिजागरीत सापडून बोटांचे शेंडे तुटल्याच्या १२ घटना तिथे नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा गाडी उघडताना-मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको. दुकानात गाडी स्वतः चार वेळा उघडून मिटून पाहा. खटका पक्का बसल्याचा आवाज आला पाहिजे. ब्रेक लावून ढकलून पाहा. युरोपातील ईएन १८८८ या मानकाचा उल्लेख खोक्यावर असल्यास चांगले. कुणाची वापरलेली गाडी मिळत असेल तर घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त सांधे, ब्रेक आणि पट्टे तपासून घ्या.

वजनाचा विचार या सर्वांनंतर. पाच ते सात किलोची गाडी साधारण ठीक. परंतु खरी परीक्षा दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर होत नाही, ती आपल्या इमारतीच्या जिन्यात होते. लिफ्ट नसलेल्या घरी तिसऱ्या मजल्यावर एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने बाळ नेता येते का, ते पाहा. बाळ आत बसलेले असताना दोघांनी गाडी उचलून जिना चढणे टाळा. पुढची दांडी निसटली की अनर्थ होतो. सरकत्या जिन्यावर गाडी कधीही नेऊ नका. मॉलमध्ये लिफ्ट असते. २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांवरही आहे. दोन मिनिटे थांबावे लागेल, एवढेच.

लोकलचे गणित वेगळे. गर्दीच्या वेळी उघडी गाडी डब्यात नेण्याचा विचारही करू नये. फलाटावर येण्याआधीच गाडी मिटावी. बाळ एकाकडे, गाडी दुसऱ्याकडे. फलाटावर गाडी उघडी ठेवायचीच असेल तर ब्रेक लावून, रुळांना समांतर उभी करावी आणि हात सोडू नये. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या अ‍ॅशबर्टन स्थानकावर क्षणभर हात सुटला आणि सहा महिन्यांच्या बाळासह गाडी रुळांवर गेली. वरून येणाऱ्या ट्रेनखाली सापडूनही ते बाळ वाचले, हे नशीब. दर वेळी नशिबाची परीक्षा कशाला पाहायची? रिक्षातही तेच : गाडी मिटलेली, बाळ मांडीवर.

उन्हाची काळजी घ्यावी. गाडीवर ओढणी किंवा दुपटे पसरून सावली करण्याची पद्धत दिसते. त्याने आत हवा कोंडते व बाळ तापते. छत पुढे ओढा, सावलीतून चाला, मे महिन्यात दुपारी बाहेर पडूच नका. धुराचेही लक्षात ठेवा. गाडीतले बाळ जवळपास मोटारीच्या धुरांड्याच्या उंचीवर बसलेले असते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले, की गाडीतल्या मुलांना मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषणाला सामोरे जावे लागू शकते. एस. व्ही. रोड वा एल. बी. एस. मार्गाच्या कडेने जाण्याऐवजी आतली गल्ली धरा. दोन गाड्यांपैकी उंच बैठकीची निवडा.

आणखी एक. गाडी मिळाली म्हणून मूल दिवसभर तिच्यातच बांधून ठेवू नये. एका वेळी एक तासाहून अधिक काळ लहान मुलाला असे जखडून ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. त्याला उतरवा, रांगू द्या, चालू द्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर गाडी रिकामी ढकलायची आणि मुलाने पुढे दुडुदुडु चालायचे, हीच खरी सहल.

शेवटी, जे आईवडिलांच्या हातात नाही त्याविषयी. इतके पारखून गाडी घेतली तरी ती चालवायची कुठे? उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच विजेची पेटी, पुढे दुचाकी उभ्या. आई नाइलाजाने गाडी रस्त्यावर उतरवते, बसच्या आणि रिक्षांच्या मध्ये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, कडेची उंची १५० मिलीमीटरहून जास्त नको आणि चढ-उताराला सौम्य उतार हवा. आपल्या गल्लीत टेप लावून पाहा! जिथे बाबागाडी जात नाही तिथे चाकाची खुर्ची जात नाही, वॉकर घेतलेल्या आजोबांचाही पाय अडखळतो. मांडीचे हाड मोडलेले वृद्ध रुग्ण पाहताना मला हाच पदपथ आठवतो. मुलुंडचे टी, घाटकोपरचे एन, बोरिवलीचे आर मध्य, अंधेरी पश्चिमेचे के पश्चिम अशी पालिकेची विभाग कार्यालये आपल्याच पैशांवर चालतात. बाळाच्या गाडीवर काही हजार रुपये खर्च करणाऱ्या पालकांनी एक अर्ज तिथेही द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एका सोसायटीतून वीस अर्ज गेले, तर ते बाजूला सारणे तितके सोपे राहत नाही.