घर 'कच्चं' की 'पक्कं', हा प्रश्न पुरेसा आहे का?



'घरांचे प्रकार' शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे कच्ची घरे : माती, गवत, कुड. उजवीकडे पक्की घरे : दगड, विटा, सिमेंट. मुलं पाठ करतात, मार्कही मिळवतात. पण मातीच्या घरातून शाळेत येणारं मूल यातून काय शिकतं? आपलं घर चुकीच्या रकान्यात आहे, एवढंच. शिवाय बांधकामाच्या दृष्टीनेही हा तक्ता अपुरा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आठवा. सुमारे आठ हजार माणसं गेली. पडली ती बहुतेक दगडी घरं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण दगड नुसत्या मातीत रचलेले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड नाहीत. आणि वर माळवदाच्या मातीचं प्रचंड ओझं. त्या मानाने हलक्या छपरांची साधी घरं कमी जीवघेणी ठरली. म्हणजे दगड मजबूत होता, जोडणी नव्हती!

याचा अर्थ झोपडी चांगली आणि स्लॅब वाईट, असा मुळीच नाही. गवताला आगीचं भय, मातीला पावसाचं. भिंतींत चारही बाजूंनी सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा असेल, तर विटांचं घर धक्का चांगला सोसतं. मुद्दा एवढाच, की घराची ताकद तीन गोष्टींवर ठरते : साहित्य कोणतं, ते जोडलं कसं आणि भार जमिनीपर्यंत पोचतो कसा.

हे चौथीच्या मुलांना झेपेल का? नक्की झेपेल. हे करून पाहा.

१. रिकाम्या काडेपेट्यांच्या दोन भिंती रचा. एकीत सांध्यावर सांधा, दुसरीत सांधे चुकवून. बोटाने ढकला. गवंडी सांधा का चुकवतो, ते न सांगता कळेल.

२. कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा वजन करा. चांगल्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. तीन किलोची वीट असेल तर किती ग्रॅम? गणिताचा तासही झाला!

३. स्लॅबवर रोज पाणी का मारतात, हे विचारा. 'सिमेंट वाळतं' असं आपण म्हणतो, पण खरं तर सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. लवकर वाळलं तर कच्चंच राहतं. म्हणून किमान सात दिवस ओलावा टिकवायचा.

आणि यासाठी तज्ज्ञ शोधायला लांब जायला नको. आपल्या वर्गात गवंड्याची, सेंट्रिंग कामगाराची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मुलं असतात. त्या पालकांना एक तास वर्गात बोलवा. ओळंबा भिंतीला लावून ते जे दाखवतील, ते आपल्या डी.एड.च्या पुस्तकात नव्हतं. आपले बाबा वर्गाला शिकवताहेत, हे पाहणाऱ्या मुलाला काय वाटेल, ते वेगळं सांगायला नको.

पालकहो, तुम्हीही बांधकामाशेजारून जाताना मुलाला थांबू द्या, विचारू द्या.

पुढच्या वेळी फळ्यावर दोन रकाने आखण्याआधी एक प्रश्न लिहू या : 'तुझं घर कशाचं आहे, आणि ते उभं कसं राहतं?' याचं उत्तर देताना कोणत्याच मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.