वाट अडवणारा शेजारी आणि वाट न लिहिणारे दप्तर

१/ शेतरस्त्यावरून दोन भाऊबंद कोर्टात गेले की आपण शहाणपणाचा आव आणून म्हणतो, "खेड्यातली माणसे भांडखोरच. बांधाला बांध लागला की डोकी फुटायचीच." हे मत आळशी आहे आणि इतिहासाला सोडूनही आहे. या भांडणाचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा महसुली दप्तरात अधिक आहे, आणि तेही दप्तराने जे लिहिले नाही त्यात. त्याविषयी हा दीर्घ धागा.

२/ आधी शब्द नीट लावून घेऊ. दोन कुंपणांमधून शिवाराकडे जाते ती पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. बैलगाडीची गाडीवाट, माणसाची पायवाट. आणि जाण्यायेण्याचा जुना वापर म्हणजे वहिवाट. यांतील पुष्कळ वाटांखालची जमीन एकाच्या नावावर असते आणि वापर अनेकांचा असतो. वाद तेथेच उगवतो.

३/ दख्खनमध्ये प्रिंगलची जमीनपाहणी फसल्यावर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पाहणीला हात घातला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिची पद्धत पक्की झाली. शेत हे एकक, शेताला नंबर, नंबराला हद्दीच्या खुणा आणि त्यावर साऱ्याची आकारणी. या साऱ्या खटाटोपामागे मुख्य प्रश्न एकच होता : सारा कोणाकडून आणि किती घ्यायचा?

४/ वाट सारा देत नाही. त्यामुळे तिच्याकडे या पाहणीचे लक्ष बेताचेच राहिले. गावाहून गावाला जाणारे ग्रामीण मार्ग नकाशावर आले : गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी, पायमार्ग एका तुटक रेषेने. असा गाडीमार्ग ज्या नंबरातून जाई, त्या नंबराच्या पोटखराबात त्याचे क्षेत्र धरले गेले. जमीन खातेदाराच्या नावे, त्या पट्ट्याला आकार नाही, चालणे मात्र सर्वांचे.

५/ आणि गावातून स्वतःच्या शेतावर बांधाबांधाने जाणारी वाट? ती सहसा नकाशावर आलीच नाही. ती माणसांच्या स्मरणात राहिली. म्हणून "नकाशात दाखव, मग जा" असे बजावणारा शेजारी अर्धसत्य बोलत असतो. नकाशात नाही म्हणून वाट नव्हतीच, असे त्यावरून ठरत नाही. तो नकाशा कोणत्या कामासाठी काढला होता, एवढेच ठरते.

६/ दरम्यान जमिनीचे तुकडे होत गेले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. तेथे १५६ जमीनमालकांकडे मिळून ७२९ तुकडे होते आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. आज त्या शिवारात पिंपरी-चिंचवडच्या इमारती उभ्या आहेत. पण इतर हजारो गावांचा प्रश्न तोच राहिला आहे : चहूबाजूंनी वेढलेल्या मधल्या तुकड्यात जायचे कोठून?

७/ वाटणीपत्रात क्षेत्र लिहितात, विहिरीतला हिस्सा लिहितात, पाण्याची पाळी लिहितात, आंब्याचे झाड कोणाचे तेही लिहितात. वाट मात्र बहुधा राहून जाते, कारण समोर सख्खा भाऊ असतो. तो कशाला अडवील? पुढच्या पिढीत त्याच जागी चुलतभाऊ येतो, त्याच्या पुढच्या पिढीत नुसता भाऊबंद, आणि मग जमीन विकत घेणारा परका. भावाच्या शब्दावर सोडलेली वाट नातवाच्या नशिबी खटला होऊन येते.

८/ "सातबारा माझा, वाट द्यायची की नाही ते मी ठरवीन." हे वाक्य ठणकावून म्हटले जाते, म्हणून ते खरे ठरत नाही. सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. १८९१ पासून तो मुंबई इलाख्यात लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे, एकत्र मिळकतीच्या वाटणीनंतर एका हिश्शातून गेल्यावाचून दुसऱ्याचा उपभोगच शक्य नसेल, तर जाण्याचा हक्क त्या वाटणीतूनच उत्पन्न होतो. तेथे मेहरबानीचा प्रश्नच उरत नाही.

९/ याच कायद्याचे कलम १५ अधिक विलक्षण आहे. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापर केला, तर वाटेचा हक्क मिळतो. पण "दादा, तुमच्या रानातून जाऊ का?" असे विचारून गेलात, तर ती केवळ परवानगी ठरते, आणि परवानगी सामान्यतः परत घेता येते. म्हणजे न विचारता जाणाऱ्याचा हक्क पिकतो आणि विचारून जाणारा सौजन्यापायी हक्काला मुकतो.

१०/ याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चार गुंठे रान असलेला शेतकरी वाटेवर काटेरी फेस टाकतो, तेव्हा तो दुष्टच असतो असे नाही. आज माणुसकीने जाऊ दिले, तर उद्या त्याचाच दावा होईल, ही भीती त्याला असते आणि ती अगदी निराधार नसते. नोंद नसली की चांगुलपणाही धोक्याचा होतो. दोन्ही शेजारी एकाच रिकाम्या रकान्याचे बळी असतात.

११/ दाद मागण्याचे दोन महसुली मार्ग आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते. चालू वाट कोणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. दावा अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. यात तहसीलदार शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून इतरांच्या बांधांवरून वाट देऊ शकतात. "बांधांवरून" हा शब्द येथे मोलाचा आहे. कोणाच्या शेताच्या मध्यातून वाट काढण्याची मुभा या कलमाने दिलेली नाही.

१२/ एक सीझन वाट बंद राहिली तर काय होते? तोडलेला ऊस फडातच वाळतो, वजन घटते. ट्रॅक्टर आत येत नाही म्हणून पेरणीचा वाफसा निघून जातो. बैलगाडीपुरती वाट ट्रॉलीला पुरत नाही, त्यामुळे "जायचे की नाही" याबरोबर आता "किती रुंद" हाही वाद आहे. आणि निकाल लागेपर्यंत मधला तुकडा पडेल भावाने विकावा लागतो. विकत घेणारा पुष्कळदा तो अडवणारा शेजारीच असतो.

१३/ यावर काहींचे ठरलेले उत्तर असते : पूर्वी गोतसभा होती, गावकी होती, सारे गोडीने मिटत असे. हे स्मरणरंजन पुरे झाले. शिवेच्या वादात महार वतनदाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाची हद्द त्याला ठाऊक असे. तरीही त्याच गावात कोणत्या वाटेने चालायचे आणि कोणत्या पाणवठ्यावर जायचे नाही, हे त्याला इतर सांगत. स्मरणावर चालणारा न्याय बलवानाच्या स्मरणावर चालतो. म्हणून कागद हवा.

१४/ कागदाची सोय कायद्यात आहे. संहितेच्या कलम १६५ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाचे दप्तर सांगितले आहे. प्रत्येक गावातील वाटेच्या, पाण्याच्या, मासेमारीच्या रूढी नोंदवण्याचे हे दप्तर. तुमच्या गावचा वाजिब-उल-अर्ज तुम्ही कधी पाहिला आहे का? २०२५ साली शासनाने शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद करण्याचे आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घेण्याचे धोरण जाहीर केले. स्वागत आहे, पण हे काम पाहणीच्या पहिल्या दिवशी व्हायला हवे होते.

१५/ म्हणून मागणी साधी आहे. वाट लिहिल्याशिवाय वाटणीची नोंद होता कामा नये. फेरफारात क्षेत्राइतकाच वाटेलाही रकाना असावा. आणि शेजाऱ्यांना सामंजस्याचे डोस पाजणाऱ्यांनी आधी तलाठी कार्यालयातले कागद मागावेत.

१६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही येथे काम आहे. गावचा नकाशा मिळवा, तुटक रेषा शोधा आणि त्या वाटेने प्रत्यक्ष चालून पाहा. जी वाट रेषेत नाही, तिच्याविषयी वृद्धांना विचारा : कोण जात असे, कशाने जात असे, कोणत्या सालापासून बंद आहे? नाव, तारीख घालून लिहून ठेवा. त्या पिढीनंतर हे सांगणारे कोणी उरणार नाही. धागा समाप्त.