वेगापेक्षा उशीर मोजा

मोठ्या आतड्यातल्या काही पॉलिपचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. कोलोनोस्कोपी करताना ते ओळखून पडद्यावर चौकट दाखवणारी संगणकीय यंत्रणा आता उपलब्ध आहे. सेकंदाला ३० चित्रे धरली, तर दर ३३ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. चौकट उशिरा उमटली, तर तोवर दुर्बीण पुढे सरकलेली असते.

क्षयरोगाच्या एक्स-रेचे तसे नाही. संगणकाकडून तो वाचून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. तिथे उत्तराला मिनिटभर लागले तरी बिघडत नाही. साधा संगणकही चालतो.

कोलोनोस्कोपीसाठी मात्र प्रक्रिया यंत्राशेजारीच व्हायला हवी. इंटरनेटच्या भरवशावर राहता येत नाही. जीपीयू ताकदवान खरा, पण चित्रांचा गठ्ठा करून दिला, तर पहिले चित्र गठ्ठा भरेपर्यंत ताटकळते. एफपीजीए चिप चित्राच्या ओळी येतील तशा हाताळू शकते, उशीरही ठरावीक राहतो. मात्र तिचे प्रोग्रॅमिंग किचकट असते.

म्हणून सरकारी रुग्णालयाच्या निविदेत चिपचा कमाल वेग नव्हे, तर कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतचा जास्तीत जास्त उशीर लिहावा. तो प्रत्यक्ष मोजल्याशिवाय बिल मंजूर करू नये.