बटण दाबले तरी न बिघडणारा खेळ

स्वमग्न मुलाला व्हिडिओ गेम द्यावा की देऊ नये, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले जाते. तो वाद आज बाजूला ठेवू. ज्या घरात मूल खेळतेच, तिथल्या आईची अडचण निराळी असते. खेळ पंधरा मिनिटांचा आणि तो बिघडल्यावरचा आकांत दोन तासांचा!

आमच्या वस्तीतील एका नऊ वर्षांच्या मुलाचे असेच होत असे. बोलणे अगदी थोडे, पण बोटे तल्लख. मोबाइलवर खेळताना मध्येच जाहिरात येई, ॲप आपोआप बदलून चित्रे निराळी दिसू लागत, नाहीतर तो स्वतःच सेटिंगमध्ये शिरून सगळे उलटेपालटे करी. मग भिंतीवर डोके आपटणे. शेजारीपाजारी म्हणत, "वांड आहे, दोन धपाटे द्या." त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, त्याला बटण दिसलं की दाबून बघावंच लागतं. दाबलं तरी बिघडणार नाही, असं काही मिळत नाही का?"

प्रश्न अगदी रास्त होता. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असले, की अशा बऱ्याच मुलांच्या जिवाला स्वस्थता वाटते. जुन्या खेळांत हेच मिळते. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ'त पहिला शत्रू रोज त्याच जागी समोर येतो, तेच संगीत वाजते. जाहिरात नाही, इंटरनेट नाही, बटणे मोजकी. आमच्या पिढीने ज्या पिवळ्या कॅसेटी फुंकर मारून लावल्या, त्यांत खेळ चिपमध्ये कायमचा बसवलेला असे. कितीही बटणे दडपा, बंद करून चालू केले की पुन्हा पहिल्यासारखे! हा गुण आजच्या यंत्रात मुद्दाम आणावा लागतो.

ब्रिटनमध्ये तयार झालेला 'रास्पबेरी पाय' नावाचा, एटीएम कार्डाच्या आकाराचा छोटा संगणक २०१२ पासून मिळतो. त्याच्या मेमरी कार्डावर 'रेट्रोपाय' ही मोफत प्रणाली टाकून तो टीव्हीला जोडला की जुने खेळ चालतात. घरात जुना कॉम्प्युटर पडून असेल तर नवे काही घेऊच नका. 'बाटोसेरा' नावाची प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते. वस्तीतील कॉम्प्युटर शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला एक रविवार सोबत बसवा. खेळ जुने असले तरी बहुतेकांवर कंपन्यांचा हक्क असतो, म्हणून हौशी मंडळींनी जुन्या यंत्रांसाठी नव्याने रचून मोफत दिलेले खेळ आधी पाहावेत.

आता बंदोबस्ताकडे वळू. रेट्रोपायमध्ये 'किड' नावाची सोय आहे. ज्या खेळांवर मुलांचा खेळ अशी खूण केली, तेवढेच पडद्यावर दिसतात आणि सेटिंगचा मेनू नाहीसा होतो. खुणा आधी करा, सोय नंतर लावा. ती पुन्हा उघडण्याची किल्ली ऐकून चाळिशीतल्या वाचकांना हसू येईल : वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. होय, 'कॉन्ट्रा'त ३० जीव मिळवून देणारी तीच! मात्र मुलासमोर ती दाबू नका. यांतल्या काही मुलांनी एकदा पाहिले की ते कायमचे पाठ.

एवढ्याने भागत नाही. खेळ चालू असताना सिलेक्टबरोबर दुसरे एखादे बटण दाबले गेले, तर खेळ पहिल्यापासून सुरू होतो, नाहीतर सेटिंगचा पडदा उघडतो, नाहीतर मागे साठवलेला डाव परत येतो. आपण इथवर आलो होतो ते कुठे गेले, हे मुलाला कळत नाही आणि सांगताही येत नाही. जॉयस्टिकच्या फाइलमधून या जोड्यांच्या ओळी काढून टाकाव्यात. सिलेक्ट आणि स्टार्ट मिळून खेळाबाहेर पडता येते, ती एक जोडी मात्र ठेवावी असे माझे ठाम मत आहे. मूल घाबरले, कंटाळले, तर बाहेरची वाट त्याच्याच बोटाखाली हवी. आणखी एक फट राहते. खेळ उघडताना क्षणभर जो पडदा येतो, तेव्हा बटण दाबले की वेगळाच मेनू निघतो. 'रनकमांड'च्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करावा.

सर्वांत मोठा धोका विजेचा. वीज गेली किंवा मुलाने भिंतीवरचे बटण खटकन बंद केले, तर मेमरी कार्ड खराब होऊ शकते. त्यासाठी रास्पबेरीच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टिम' आहे. ती लावली की कार्डावर काही लिहिलेच जात नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर शाईची नोंद वहीत राहते आणि दिवसभराचे पेन्सिलीचे रोज खोडले जाते. पण त्यात अर्धा राहिलेला डावही खोडला जातो, हे विसरू नका. वर सांगितलेल्या मुलाला रोज पहिल्यापासूनच लागते, त्यामुळे त्याचे उत्तम जमले. ज्याला कालच्या जागेवरून पुढे जायचे असते, त्याचे डाव वेगळ्या पेनड्राइव्हवर साठवण्याची व्यवस्था करावी. आपले मूल कोणत्या पठडीतले, ते घरच्यांनाच ठाऊक.

यंत्र टीव्हीमागे लाकडी पेटीत स्क्रूने बंद करावे. ते तापते, म्हणून पेटीला भोके हवीत. बाहेर फक्त जॉयस्टिकची वायर. बिनवायरीची जॉयस्टिक नकोच, तिचे चार्जिंग ऐन वेळी संपते. टीव्हीचा रिमोट आईजवळ.

एका बाबतीत हयगय नको. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेतील लाल-निळ्या लखलखाटामुळे शेकडो मुलांना इस्पितळात न्यावे लागले होते. स्वमग्न मुलांमध्ये फिट येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून प्रत्येक खेळ आधी मोठ्या माणसाने शेवटपर्यंत पाहावा आणि लखलखाट असेल तर यादीतून काढावा. मुलाला फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काहीच सुरू करू नये.

सगळे मनासारखे जमले की त्याच दिवशी कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर काढावी. पहिले कधी रुसले तर दुसरे घालायला पाच मिनिटे लागतात, मुलाला फरक कळतही नाही. नकलेचे कार्ड डबीत घालून वर तारीख लिहावी आणि डबी रेशनकार्डाजवळ ठेवावी, म्हणजे घाईच्या वेळी सापडते.