शेजाऱ्याला मत देणे हा गुन्हा नव्हे

युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेचा निकाल लागला की आक्षेप ठरलेला: गाणे कुणी ऐकतच नाही, देश पाहून मते पडतात. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा गुण देतात, बाल्कनवाले बाल्कनवाल्यांना. बीबीसीचे जुने निवेदक टेरी वोगन यांनी २००८ साली हीच तक्रार करत निवेदन सोडले.

निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष खोटा. २००७ साली हेलसिंकीत सर्बियाची मारिया शेरिफोविच जिंकली, तेव्हा क्रोएशिया आणि बोस्निया या दोन्ही देशांनी तिला पूर्ण बारा गुण दिले. नव्वदच्या दशकात याच भूमीवर रक्त सांडले होते. मते राजकारणावर पडत असती, तर इथे शून्य दिसायला हवे होते. पण गाण्याची भाषा तिथल्या माणसांना दुभाष्याविना कळत होती, त्या सुरांवर त्यांचे कान घडले होते. याला गटबाजी म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय शेजार जिंकून देत नाही. २००९ साली नॉर्वेच्या अलेक्झांडर रिबाकने ३८७ गुण मिळवले. इतके शेजारी कुठल्याच देशाला नसतात.

२०२२ साली युक्रेनला प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले, त्यात सहानुभूती होती हे उघड आहे. रशियाच्या आक्रमणाला तीन महिनेही झाले नव्हते. त्या दिवसांत युरोपने कान तेवढे उघडे ठेवून मन बंद करावे, ही अपेक्षाच मला अमानुष वाटते.

शेजारमतांवर उतारा म्हणून २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षक मंडळे परत आणली गेली. २०१६ साली काय झाले पाहा. रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळून दोनच वर्षे झाली होती, आणि युक्रेनी प्रेक्षकांनी रशियाला बारा, रशियन प्रेक्षकांनी युक्रेनला दहा गुण दिले. दोन्हीकडच्या परीक्षकांनी परस्परांना दिले शून्य! पुढे २०२२ साली सहा देशांच्या परीक्षकांची मते संशयास्पद ठरून रद्द करावी लागली. प्रेक्षकांवर पहारा ठेवायला बसवलेल्यांचीच ही गत.

खरा धोका सत्तेचा आहे. २००९ साली आर्मेनियाला मत दिले म्हणून अझरबैजानमध्ये नागरिकांना सुरक्षा खात्याने चौकशीला बोलावले. अलीकडे सरकारे स्वतःच मतांसाठी जाहिराती करू लागली. आयोजकांनी २०२५ च्या अखेरीस अशा प्रचाराला आळा घालणारे नियम केले, एका प्रेक्षकाच्या मतांची मर्यादा वीसवरून दहावर आणली. हे आधीच व्हायला हवे होते. आता हे नियम सरकारांवर कठोरपणे चालवावेत. सायप्रसचे बारा गुण ग्रीसला खुशाल जाऊ द्यावेत.